मेकर मिळाला, चेकर कुठून आणायचा?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी ‘यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागलं, आता इंजिनिअरांचं काय’ अशा आशयाचा लेख आला होता. सोबत कीबोर्ड बडवणाऱ्या निळ्या रोबोचं चित्र होतं. आमच्या मजल्यावर ते कात्रण दोन दिवस पाण्याच्या मशीनवर चिकटवलेलं होतं. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘याला पण नऊ वाजता पंच करायला सांगा.’ लेखातलं सगळंच चूक नव्हतं, पण लिहिणाऱ्याने हे काम शेजारी बसून पाहिलेलं नसावं. मी गेलं दीड वर्ष रोज पाहते आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त व्याजाचा किस्सा कापू नका.

मी ५६ वर्षांची आहे, गिरगावात राहते आणि सीप्झमधल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर सहकारी बँका वापरतात. बचत खाती, मुदत ठेवी, आवर्त ठेवी, सोनेतारण असा सगळा संसार. १९९१ साली मी कोबोल या जुन्या संगणकी भाषेत पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा चर्नी रोडहून अंधेरीपर्यंत लोकल आणि पुढे बस असा प्रवास होता. आता गिरगावला भुयारी मेट्रोत बसते ती थेट सीप्झला उतरते. बोगद्यात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे तेवढा वेळ कुणी काही विचारत नाही. या पत्रातला निम्मा मजकूर तिथेच सुचला आहे.

काम सांगितलं की स्वतःच प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एआयला आमच्याकडे ‘एजंट’ म्हणतात. हा शब्द मी घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बाबांनी विचारलं, “कमिशन किती घेतो?” बाबा ८७ वर्षांचे. त्यांच्या लेखी एजंट म्हणजे एलआयसीवाला, नाहीतर जागेचा. मी म्हटलं, कमिशन नाही, टोकनवर बिल येतं. जितकं वाचेल आणि लिहील तितकं. “म्हणजे बोलण्याचे पैसे. मग वकील म्हण की.”

तर हा वकील काय करतो ते सांगते. २०२२ साली कोड सुचवणारा कोपायलट सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा तो शेजारी बसून वाक्य पुरं करणाऱ्या मित्रासारखा होता. आपण एक ओळ लिहायची, त्याने पुढच्या चार सुचवायच्या, पटल्या तर टॅब दाबायचा. हात आपलाच असायचा. २०२५ मध्ये क्लॉड कोड हा एजंट आला, कोपायलटमध्येही एजंट आला, आणि प्रकरण बदललं. आता त्याला बँकेकडून आलेलं तक्रारीचं टिकेट द्यायचं. हजारो फायलींतून कुठे हात घालायचा ते तो स्वतः शोधतो, बदल करतो, टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवतो, लाल दिसलं, म्हणजे टेस्ट नापास झाली, की पुन्हा दुरुस्त करतो आणि सगळं हिरवं झालं की ‘काय केलं आणि का केलं’ याची नेटकी चिठ्ठी जोडून तपासणीला पाठवतो. हेच काम दोन वर्षं अनुभव असलेला मुलगा तीन दिवसांत करायचा. आता चहा पिऊन येईपर्यंत होतं. यात अतिशयोक्ती नाही. आमचा चहा लांबतो, एवढंच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. आमच्याकडे १९९४ सालचा एक प्रोग्रॅम आहे, सोनेतारणाचं व्याज काढणारा. तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त होऊन चिपळूणला गेले. त्यात समजावून सांगणारी एकही ओळ नाही. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बदल करायचा झाला की आम्ही आजूबाजूला नवे तुकडे जोडत आलो, जुन्या चाळीच्या गॅलरीला पत्रे ठोकावेत तसे. गेल्या वर्षी तो एजंटला वाचायला दिला. २० मिनिटांत त्याने आठ पानी टिपण काढलं: कुठली रक्कम कुठून येते, तारण सोडवल्यावर कुठले रकाने शून्य होतात, वगैरे. शिवाय बँकेचा नियम लीप वर्षात ३६६ ने भागायचा असताना एका ठिकाणी ३६५ नेच भागलं जातं, हेही दाखवलं. इतकी वर्षं ते आमच्या कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. मी दोन दिवस बसून हाताने ताळा केला. टिपण बरोबर होतं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला.

गमतीही होतात. आमच्या जुन्या प्रोग्रॅममधली नावं म्हणजे रोमन लिपीत लिहिलेलं मराठी: जामीनदार, थकबाकी, दंडव्याज. एजंटला ते बहुतेक सगळं कळतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पण एका ठिकाणी ‘मुदल’ आणि ‘मुदत’ हे दोन रकाने शेजारी होते. ‘मुदल’ ही टायपिंगची चूक असणार असं समजून त्याने अदबीने तिचंही ‘मुदत’ करून टाकलं. झालं, ५० हजारांच्या १२ महिन्यांच्या ठेवीवर १२ रुपये मुद्दल धरून व्याज निघू लागलं. टेस्ट तिथल्या तिथे लाल. असल्या चुकांची मला भीती नाही. त्या ओरडत येतात.

भीती मुकाट्याने येणाऱ्यांची. कोबोलमध्ये ‘राऊंडेड’ लिहिलं की अर्धा पैसा वर जातो. पायथन या नव्या भाषेतला राऊंड मात्र आकडा बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे वळतो: साडेतीनाचे चार करतो, पण अडीचाचे दोन. एजंटने आमचा एक जुना रिपोर्ट पायथनमध्ये आणला, कोड वाचायला इतका देखणा की फ्रेम करून लावावा. ११ हजार खात्यांच्या बेरजेत ५ रुपये ६३ पैशांचा फरक आला. आमचा तरुण मॅनेजर म्हणाला, पाच रुपयांचं काय घेऊन बसलात मॅडम. मी मनात म्हटलं, गिरगावात येऊन आमच्या बाबांसमोर हे म्हणून दाखव. सहामाही बंद करताना नऊ पैशांसाठी ते रात्री दहापर्यंत शाखेत बसलेले मी लहानपणी पाहिलं आहे, म्हणजे घरी नसलेले पाहिलं आहे.

आता तो व्याजाचा किस्सा.

१ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीप्रमाणे व्याज द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. त्याआधीची पद्धत आठवत असेल अशा वाचकांना आठवेल: महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल तिच्यावर व्याज. पैसे ११ तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. ३० तारखेला काढले तरी गेलं. आमची आई म्हणूनच १० तारखेच्या आत बँकेत धावायची. २०१० च्या मार्चमध्ये आम्ही चौघांनी तीन आठवडे बसून तो बदल केला. प्रोग्रॅममध्ये एक फाटा काढला: तारीख १ एप्रिल २०१० च्या आधीची असेल तर जुना हिशेब, नंतरची असेल तर नवा. ती तारीख मी स्वतः टाइप केली होती, गुढीपाडव्याच्या आसपास.

गेल्या वर्षी तो सगळा भाग कोबोलमधून जावा या भाषेत नेण्याचं काम एजंटला दिलं. त्याने भाषांतर उत्तम केलं आणि जाता जाता स्वच्छताही केली. जुन्या हिशेबाच्या ३४० ओळी काढून टाकल्या. जोडलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ही अट आजच्या कुठल्याही तारखेला खरी ठरू शकत नाही, गेल्या २४ महिन्यांच्या नोंदींत हा भाग एकदाही चाललेला नाही, आणि त्याच्यासाठी एकही टेस्ट नाही. संपादक महोदय, यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. वसईहून येणाऱ्या आमच्या नव्या मुलीने वाचलं, पटलं, पास केलं. टीम लीडने पास केलं. टेस्ट हिरव्या. शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या आधी मी नेहमीप्रमाणे पान खाली सरकवत होते, आणि काढून टाकलेल्या ओळींच्या लाल पट्ट्यात ती तारीख दिसली. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं झालं.

तो भाग लागतो. दोन-तीन वर्षांतून एखाद्या वेळी, पण लागतो. कुणीतरी वडिलांची ट्रंक उघडतं, त्यात २००४ सालचं पासबुक निघतं. त्या काळात काही बँका बंद पडल्यासारख्या खात्यांवर व्याज जमा करणं थांबवत. वारस आला की मागचं सगळं व्याज तेव्हाच्या नियमाने काढून द्यावं लागतं. त्यात १० वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत गेलेली असते. तो निधी २०१४ चा. त्यावर ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, पुढे १० मे २०२१ पर्यंत साडेतीन टक्के आणि त्यानंतर ३ टक्के, तेही सरळव्याज. म्हणजे एका पासबुकासाठी पाच वेगवेगळे नियम ओळीने लावायचे. आम्ही ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते बहुतांशी हेच असतं, एकावर एक चढलेले नियम आणि ते का चढले याची आठवण.

त्या ३४० ओळी गेल्या असत्या तर काहीही बंद पडलं नसतं. पासबुक घेऊन आलेल्या वारसांना २००४ पासून रोजच्या शिलकीवर व्याज मिळालं असतं, म्हणजे हक्कापेक्षा थोडं जास्तच. त्यांनी काही तक्रार केली नसती. बँकेचे पैसे जात राहिले असते आणि एखादा चिकाटीचा ऑडिटर येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. आपल्या लेखात ‘एआय चुकतं’ असं एक वाक्य होतं. चुकतं हे खरं, पण कसं चुकतं ते लिहायला हवं होतं. इथे प्रत्येक आकडा बरोबर असून निर्णय चूक होता, आणि सोबतची चिठ्ठी इतकी समजूतदार होती की दोन माणसांनी मान डोलावली.

बँकेत काम केलेल्या कुणालाही ‘मेकर-चेकर’ समजावून सांगावं लागत नाही. व्हाउचर एकाने करायचं, दुसऱ्याने तपासून पास करायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकाच आयडीने दोन्ही करताच येत नाही, बटणच दिसत नाही. आणि आमच्या स्वतःच्या घरात आता काय चाललंय? कोड एजंट लिहितो. त्याची टेस्टही तोच लिहितो, त्यामुळे त्याने नियम चुकीचा समजून घेतला असेल तर टेस्टही त्याच चुकीच्या समजुतीची असते आणि दोघं एकमेकांना शाबासकी देतात. यावर उपाय म्हणून मॅनेजरने तपासणीला दुसरा एजंट ठेवला. तो उपयोगी आहे, बऱ्याच बारीक चुका पकडतो. मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “दोघं एकाच शाळेतले ना?”

बाबा फोर्टमधल्या एका बँकेत होते, पक्के युनियनवाले. ऐंशीच्या दशकात संगणकाविरुद्ध काळी फीत लावून कामावर गेलेले. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, पाठोपाठ शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, ‘एएलपीएम’ म्हणायचे त्यांना. १९९१ मध्ये मी संगणकाची नोकरी धरली तेव्हा बाबा आठवडाभर जेवताना माझ्याशी बोलले नव्हते. त्यांची भीती पुरती खरी ठरली नाही, पुरती खोटीही नाही. बँका वाढल्या, माणसं लागतच राहिली, पण सुंदर अक्षरात लेजर लिहिणारा क्लार्क ही जमात संपली. त्या क्लार्कांतूनच ऑफिसर व्हायचे. बाबा १४ वर्षं व्हाउचरं लिहीत होते, मग त्यांच्या हातात दुसऱ्याची व्हाउचरं तपासायची लाल शाई आली. सही ‘बरी दिसत नाही’ हे त्यांना कसं कळायचं, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

माझं तेच झालं. १० ते अखेर हा नियम मला पुस्तकातून कळलेला नाही. पासबुकाच्या छपाईत एक रकाना सरकत होता, तो दुरुस्त करायला नवी मुलगी म्हणून मला बसवलं होतं. रकाना दुरुस्त करता करता शेजारचं व्याज वाचलं आणि सीनिअरला विचारत सुटले. असली फुटकळ टिकेटं हीच आमची शाळा होती. आणि सगळ्यात आधी एजंटकडे गेली ती नेमकी तीच. जाणारच, ती सोपी आहेत. २०२२ साली आमच्याकडे २२ फ्रेशर आले होते. यंदा ३.

मोठ्या कंपन्यांचं तुम्ही छापताच. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे साधारण २ टक्के माणसं कमी करत असल्याचं सांगितलं. कारण म्हणून कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचं दिलं, एआयमुळे काम कमी झाल्याचं नाही. त्याच्या आतलं मला माहीत असण्याचं कारण नाही. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी काय होतं ते मात्र मी मीटिंगमध्ये बसून ऐकलं आहे. क्लायंट म्हणतो, “तुम्ही एआय वापरता ना? मग तासांचं बिल ३० टक्के कमी करा.” त्याचं चूक नाही. आपला हा सगळा धंदा माणूस गुणिले तास यावर उभा राहिला. पण कोटेशनमध्ये रकाने कुठले असतात? डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, इन्स्टॉलेशन. दुसऱ्याने लिहिलेलं बसून वाचणं, त्यामागचं कारण शोधणं, बँकेतल्या जुन्या माणसाला फोन करून ‘हे असं का होतं हो’ विचारणं, याला रकानाच नव्हता. ते कोडिंगच्या तासांत मुरलेलं असायचं. कोडिंगचे तास कापले तेव्हा तेही त्यांच्याबरोबर कापलं गेलं, आणि कापलं गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही.

म्हणून माझं मागणं काय ते इथेच लिहून टाकते. तपासणी हा बिलात वेगळा रकाना हवा, आणि त्या रकान्यात एका अनुभवी माणसाशेजारी एका नव्या पोराची खुर्ची हवी. एजंटने लिहिलेलं आधी त्याने वाचावं, मग अनुभवी माणसाने, आणि मग दोघांनी भांडावं. पैसे लागतील. चहाएवढ्या वेळात झालेल्या कामाला दीड दिवसाची तपासणी लावली तरी ते पूर्वीच्या तीन दिवसांपेक्षा कमीच भरतं, हे मी आमच्या मॅनेजरला कागदावर करून दाखवलं आहे. त्याने कागद ठेवून घेतला आहे.

वेगाबद्दलही एक सांगायला हवं, कारण लेखात ‘दहापट’ असा शब्द तीनदा होता. मेटर नावाच्या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांकडून त्यांच्याच ओळखीच्या, मोठ्या, जुन्या प्रकल्पांवरची २४६ कामं करून घेतली. काही एआयसह, काही त्याच्याविना. त्यांचा आधीचा अंदाज होता की वेळ २४ टक्के वाचेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि काम संपल्यावरही ते सांगत होते की आमचा २० टक्के वाचला! साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची होती, आज आणखी सुधारली आहेत, माणसंही फक्त १६. त्यामुळे यावरून कुणी एकदम निष्कर्ष काढू नये. पण वाटणं आणि घड्याळ यांतलं ते अंतर मला माझ्याच टेबलावर दिसतं. एजंट भराभर ओळी टाकत असतो तेव्हा आपणही भराभर काम करतोय असं वाटतं, जसं धावत्या लोकलमध्ये उभं राहून वाटतं.

त्याच वर्षी जुलैत रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटने, काहीही बदलू नकोस असं सांगितलेलं असताना, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. आमच्याकडे एजंटला प्रॉडक्शनची, म्हणजे बँकेत प्रत्यक्ष चालू असलेल्या सॉफ्टवेअरची, किल्ली दिलेलीच नाही. ती दोन माणसांकडे मिळून असते, शाखेच्या स्ट्राँगरूमसारखी. यात माझी हुशारी काही नाही, हे बँकवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेलं आहे. आम्ही फक्त विसरलो नाही.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा वित्तक्षेत्रातल्या एआयबद्दलचा अहवाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. अध्यक्ष आपल्या पवईच्या आयआयटीचे डॉ. पुष्पक भट्टाचार्य. ७ सूत्रं आणि २६ शिफारशी आहेत, त्यात उत्तरदायित्व हे एक सूत्र आहे आणि समजेल अशी रचना हे आणखी एक. वाचताना मी सारखी विचार करत होते की बँकेने स्वतः एआय वापरलं तर बोट कुणाकडे दाखवायचं ते स्पष्ट आहे, पण बँकेने विकत घेतलेला प्रोग्रॅमच एआयने लिहिलेला असेल तर? बँकेच्या संचालकांना ते माहीत तरी असतं का? आपले बरेच वाचक सहकारी बँकांचे सभासद असणार. वार्षिक सभेत भेटवस्तूची पिशवी गेल्या वर्षीपेक्षा पातळ का, यावर अर्धा तास वाद होतो, मी स्वतः बसून ऐकला आहे. बटाटेवडा येण्याआधी एकाने उठून एवढंच विचारावं: ‘आपल्या सॉफ्टवेअरमधला प्रत्येक बदल पास करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे लिहिलेलं आहे का?’ उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा.

एक गोष्ट मात्र अशी घडली की मी अजून तिच्यातून बाहेर आलेले नाही. इतकी वर्षं आम्ही कागदपत्रं लिहिली. अमुक नियम का, तमुक अट कशासाठी. क्लायंटला हवीत म्हणून लिहायची, फायलीला लावायची, कुणी वाचायचं नाही. नवा मुलगा आला की त्याला फाइल द्यायची आणि तो ती मॉनिटर उंच करायला वापरायचा. एजंट वाचतो. कामाला लागण्याआधी सूचनांची फाइल वाचतो, कोडमधली प्रत्येक टीप वाचतो आणि बहुतेक वेळा पाळतोही. आमच्या लिखाणाला पहिल्यांदाच लक्ष देऊन वाचणारा मिळाला आणि तो माणूस नाही. हसावं की काय करावं ते कळत नाही. पण आम्ही पुन्हा लिहायला लागलो आहोत.

त्या शुक्रवारनंतर वसईची मुलगी रोज सकाळी अर्धा तास माझ्याशेजारी बसते. मॅनेजरच्या परवानगीने नाही, आमची आमचीच सोय. नियम एकच, एजंटने काही काढायला सांगितलं तर ते मुळात का होतं हे कळल्याशिवाय पास करायचं नाही. परवा त्याने आवर्त ठेवीच्या भागात एक अट शोधून काढली. हप्ता उशिरा भरला तर दंड, पण २००५ च्या जुलैअखेरचे सहा दिवस सोडून. एजंटची चिठ्ठी होती की या तारखांना कुठलाही आधार सापडत नाही, बहुधा चाचणीसाठी घातलेल्या असाव्यात, काढल्या तर चालतील का.

मुलगी २००३ ची. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, घरी जाऊन आईला विचार, २६ जुलैला ती कुठे होती.

दुसऱ्या दिवशी आली ती आल्या आल्या बोलायलाच लागली. आई तेव्हा अंधेरीला कामाला, हिला आजीकडे ठेवलेलं, लोकल बंद, दोन रात्री ऑफिसातल्या टेबलावर. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता हा आकडाही तिने शोधून आणला होता. मग बसली आणि त्या अटीच्या वर तिने ओळ घातली: ‘२६ जुलै २००५, मुंबईत अतिवृष्टी, शाखा बंद, हप्ता भरणं शक्य नव्हतं म्हणून दंड माफ. काढू नये.’ खाली स्वतःचं नाव आणि तारीख.

सोमवारी एजंटने तो भाग पुन्हा चाळला. त्या ओळीपाशी आला आणि अटीला हात न लावता पुढे गेला.

नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई